आता लोटू नको

आमच्या तांबळडेगला जाळ्यांना नावं आहेत:
पाग, रापण, कांडाळ, वावरी.
वाऱ्यांनाही आहेत.
बाईच्या त्या दोन बोटं जागेला मात्र नाही.
"खालचं" म्हणतात, आणि पदर सावरतात.
पुस्तकातला शब्द मी एकदा उच्चारला
तेव्हा हर्षालीच्या सासूने
उठून खिडकी लावून घेतली.

चौतिसावा आठवडा, घरभेट.
वहीत लिहिलं: रक्त साडेदहा, बाळ डोक्याकडून.
मग वाटीभर खोबरेल मागितलं, घाण्यावरचं, गाळलेलं.
"नखं काढ. हात साबणाने धू.
अंगठा इतकाच आत, मग खाली, मग कडेला,
ताण कळेपर्यंत. दुखेपर्यंत नाही.
रोज पाच मिनिटं पुरे."
ती भिंतीकडे बघत म्हणाली,
"आणि घोवान इचारल्यान तर?"
"सांग, वाट करतंय."
आतल्या खोलीत सासू हसली,
माझ्या देखत पहिल्यांदाच.

मी हे का सांगत फिरते, ते तिला बोलले नाही.
एकोणीस वर्षांपूर्वी, मोठ्या दवाखान्यात,
न विचारता कात्री चालली माझ्यावर.
पहिलटकरीण म्हटलं की चालायचीच.
टाके किती, कुणी सांगितलं नाही;
बसताना मी मोजत होते.
सव्वा महिना एका कुशीवर टेकून
मुलाला पाजलं,
आणि शिंक आली की
दोन्ही हातांनी स्वतःला धरलं.

उपकेंद्र. पहाटेची भरती.
हर्षाली डाव्या कुशीवर, वरचा पाय विनयाताईंच्या खांद्याला.
थर्मासमधलं पाणी, मनगटावर सोसेल इतकं गरम,
त्यात बुडवून पिळलेला फडका.
दर कळेला नवा.
केस दिसले, रुपयाएवढे.
मग आत गेले. मग वाटीएवढे.
"जोर कर गो!" दाराबाहेरून सासू.
"नको," मी म्हटलं, "आता लोटू नको. नुसती फुंकर घाल."
"माका ऱ्हवाचा नाय—"
"तुझो बापूस तांडेल ना?
दांड्यावरसून होडी कशी हाडता तो?"
दोन श्वास गेले.
"इंजिन... बंद करता," ती म्हणाली,
"आणि लाटेक... आणूक दिता."

माझी डावी बोटं डोक्यावर, अडवायला नाही,
उतारावरच्या पोराला धरतो तशी.
उजव्या तळव्यात फडका, फडक्यामागे ती बिननावाची जागा,
पातळ, चकचकीत, माझ्या हाताला तिची नाडी लागलेली.
एक अख्खी कळ आम्ही तशीच जाऊ दिली.
ट्रेमधली कात्री ट्रेमध्येच.
पुढची कळ ओसरता ओसरता
कपाळ आलं, नाक, हनुवटी.
कुणी ओढलं नाही.
मुलगी.
नंतर टॉर्च धरून नीट पाहिलं:
एक ओरखडा. टाका नको.

बढाई नाही मारत.
मागच्याच महिन्यात सबीनाला हेच तेल, हाच फडका,
ह्याच कुशीवर,
आणि तरी फाटलं, पार मागपर्यंत.
ओरोसला पोचेस्तोवर अँब्युलन्समध्ये
ती माझी माफी मागत होती.
माझी!
मी तिचा हात धरून बसले. फाटतं कधी कधी.
त्यात बाईचं काही चुकलेलं नसतं,
हे मी तिला सांगितलं, पुलावर एकदा,
फाटकापाशी पुन्हा एकदा.

सहाव्या दिवशी गेले तर हर्षाली
पाटावर मांडी घालून पेज जेवत होती.
मांडी घालून. मी बघतच राहिले,
तिला कळेना हिला झालं काय.
सासू वाटी घेऊन आली, खाली ठेवली,
इकडे तिकडे बघितलं.
"बाय, माझ्या चेडवाक आठवो लागलोहा.
त्या जाग्याक... काय म्हनतत गो, पुस्तकात?"
मी सांगितलं.
तिने दोनदा म्हणून पाहिलं,
जाळ्यात आलेल्या अनोळखी माशाचं नाव
घोळवावं तसं, तोंडातल्या तोंडात.
खिडकी उघडीच होती.