चावी

शेवंताताई मेथे नऊ महिने महापौर होत्या.
दहाव्या महिन्यात पुन्हा गंगावेशीच्या कट्ट्यावर,
म्हशीच्या पाठीवर थाप, गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार,
"फेस बघू नगा, दूध बघा."

मी पाणीपुरवठ्याचा चावीवाला. आता रिटायर.
तेव्हा पेठेला पाणी यायचं रात्री अडीचला.
बायका घागर उशाशी घेऊन झोपायच्या,
चढावरच्या घरांत तर नळ
नुसते सुसकारे टाकायचे.

एका रात्री लाल दिव्याची गाडी घरी ठेवून
ताई चालत आल्या. पदर खोचलेला.
"दे हिकडं चावी."
साडेतीन फुटी लोखंड. म्हटलं, झेपायचं न्हाई.
चार म्हशी पिळणाऱ्या मनगटाला
हे मी सांगत होतो.

कुठल्या गल्लीला किती आटे,
कुणाच्या बंगल्याला किती जास्त,
कुणाच्या फोनवरनं,
सगळं दुधाच्या वहीत उतरवून घेतलं.
पंधरवड्यात वेळ बदलली. सकाळी सहा.
चढाला आधी, उताराला मागनं.
नारळ फुटला नाही, फीत कापली नाही.
सभागृहातल्या फलकावर नाव आहे,
तेही चुकून 'शेवंती'.
"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "फुलाचं हाय."

परवा त्यांना पंचगंगेवर नेलं.
आजी आले, माजी आले, भाषणं झाली.
मला बोलता आलं नाही.

आज चढावरनं येत होतो.
एक नवी सून कळशी घेऊन दारात उभी.
सहा वाजून दहा मिनिटं झालेली.
तिनं महापालिकेला सणसणीत शिवी हासडली.

लई बरं वाटलं.