दोन दिन व्हयनात

मेसेज मंगळवारी आला.
वय पस्तीस ते चाळीस. मुलगा हरवलेली आई.
एकच वाक्य. साडी साधी, मेकअप नको.
मी सव्वीसची. लग्न नाही, मूल नाही,
एक मांजर होती, तीसुद्धा जेवायला
खालच्या मजल्यावर जायची.

वाक्य असं:
‘सायब, प्वार दोन दिसांपासनं घरला न्हाई आलं.’

तीन दिवस ते तोंडात धरून फिरले.
अंबडला, तपासणीच्या टेबलावर,
एकेक पिन गेजमध्ये घालायची,
बसली तर हिरवा ट्रे, अडली तर लाल,
आणि ओठ न हलवता: प्वार. दोन दिसांपासनं. प्वार.
शेजारच्या वैजयंतीताई म्हणाल्या,
दाढ दुखतेय का गं?

रात्री मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला.
निलोफर हवालदार झाली.
‘काय झालं बाई?’ एवढंच तिला म्हणायचं होतं,
ती ते सिलिंडर आल्यासारखं म्हणायची.
अकराव्या टेकला कुकर शिटी देऊन बसला.
सोळाव्याला मला खरंच रडू आलं,
कशाचं ते कळलं नाही,
आणि बघते तर रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलंच नव्हतं.

शनिवारी हाफ डे.
गंगापूर रोडला कुठल्याशा क्लासचा हॉल,
फळ्यावर बेंझिनचा षटकोन अर्धा पुसलेला.
माझा नंबर त्रेसष्ट.
निफाडहून आलेली एकजण सासूची साडी नेसून आली होती,
सासूला सांगितलं होतं, मैत्रिणीची ओटी भरायची आहे.
जिन्यावर आम्ही चौदा जणी,
एकाच हरवलेल्या पोराच्या आया,
एकमेकींच्या पिना नीट लावत,
एकमेकींकडे न बघता पुटपुटत.

आत: नाव सांगा. उंची.
डावीकडे वळा. उजवीकडे. हात दाखवा.
हातांना ऑइलचा वास होता,
तो कॅमेऱ्यात येत नाही.

वाक्य म्हटलं.
‘छान. आता जरा गावाकडचं करा ना.’

मी बागलाणची.
लिहून दिलेलं बाजूला ठेवलं
आणि आई म्हणाली असती तसं म्हटलं:
‘सायेब, पोऱ्या घर उना नही. दोन दिन व्हयनात.’

पंख्याचा आवाज ऐकू आला.
टोपीवाल्या मुलाने मान वर केली. हे कुठलं?
आमच्याकडचं, म्हटलं.
‘नाही, हे नको. ते आपलं नेहमीचं गावाकडचं.’

बागलाण इथून दोन-अडीच तासांवर.
हे नेहमीचं गाव कुठे आहे,
त्याला कोणत्या फाट्यावर उतरायचं,
मला ठाऊक नव्हतं.
तरी गेले. प्वार. घरला. न्हाई.
डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, बेतानं,
कडेला थांबेल इतकंच.
‘थँक यू. कळवतो.’

सीबीएसवरून शेअर रिक्षा.
मधल्या सीटवर मी, पदर अजून डोक्यावर,
काढायचा राहूनच गेला होता.
आणि ते वाक्य, नको म्हटलेलं,
आपणहून तोंडाबाहेर आलं,
हळू, माझ्यापुरतं:
पोऱ्या घर उना नही.

शेजारी मेथीच्या जुड्या मांडीवर घेतलेली बाई.
तिने मला पाहिलं, चांगलं दोन चौक पाहिलं.
कितला मोठा शे?
मी म्हणणार होते, नाही हो मावशी, ते नाटकातलं.
म्हटलं, नववीत.
का म्हटलं कुणास ठाऊक.

त्रिमूर्ती चौकात ती उतरली.
उतरताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,
रडू नको वं माय, सापडी जाई.
माझे वीस रुपयेही तिनेच दिले.
मी पर्स उघडेपर्यंत रिक्षा निघाली होती.

आरशातून रिक्षावाल्याने विचारलं,
ताई, पोलिसांत दिलं का?

हो, म्हटलं.
कळवतो म्हणाले.