कोन शे?

रविवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
नंदुरबारातल्या मिरचीच्या पेढीवरून,
एका रिकाम्या खुर्चीसमोरून,
फोन लागू लागले
समुद्रातल्या अशा एका बेटावर
जे शेठना नकाशातही सापडलं नाही.
तीनशे बारा फोन. पहाटेपर्यंत.
बिल आलं तेव्हा मला बोलावलं,
शहाद्याहून, पहिल्या एस्टीनं.

गावाबाहेर पथारीवर मिरची वाळत होती.
रॅकचं दार उघडलं तर आतही तीच,
स्विचच्या पंख्यात लालसर भुकटी.
मी शिंकलो.
हिरवे दिवे लुकलुकत राहिले, जसं काही झालंच नाही.

चोरवाट शोधायला वेळ लागला नाही.
एक्स्टेंशन दोनशे सात. पासवर्ड दोनशे सात.
झांबर आप्पांचा फोन.
"आप्पा कुठे बसतात?" मी विचारलं.
हिशेबाच्या टेबलावरची मनकर्णा
कॅल्क्युलेटरवरून बोट न उचलता म्हणाली,
"आप्पा गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

फोन कुणी काढला नव्हता.
काढावासा वाटला नव्हता, एवढंच.
पण कुठल्या कुठे बसलेल्या कुणाला तरी कळलं होतं
की या दाराला कडी नाही,
ठोठावलं की आतून
गेलेला माणूस 'या' म्हणतो.

तीन दिवस मी फोनांना दाखले वाटले.
दाखला म्हणजे तलाठ्याकडचा नव्हे,
पण जात तीच: सही, शिक्का, मुदत.
आता नुसती वायर खोचून आवाज मिळणार नाही.
पोर्ट आधी विचारेल, तू कोण?
फोन दाखला पुढे करेल,
आतल्या खोलीतला सर्व्हर वही उघडून बघेल,
मग बोलण्याला वेगळी वाट,
संगणकांच्या वाटेपासून बांध घालून.
आणि बोलणंही कुलपात.
मध्ये कुणी कान लावलाच
तर ऐकू येईल डंखातली खरखर,
शब्द नाही.

शेठ म्हणाले, "आपलीच माणसं, आपल्याच भिंती.
रोज उठून काय विचारायचं?"
उत्तर मला येत होतं,
पण ते परीक्षेसाठी पाठ केलेलं.

संध्याकाळी चहा पिऊन परतलो तर गेटवर
हिलालदादांनी बॅटरी थेट तोंडावर मारली.
"कोन शे?"
दादा, मी. तीन दिवस येतोय.
दुपारी तुमच्याच डब्यातली भाकर खाल्ली.
"काल व्हता तो काल व्हता.
आज कोन शे? वहीमा नाव लिख."
लिहिलं. नाव, गाव, वेळ, सही.
मागे शेठ उभे होते.
जरा थांबून त्यांनीही पेन मागितला.

गेटवरच्या फोनला दाखला कळत नाही,
फार जुना आहे.
त्याचा जन्मजात नंबर हातानं लिहून घेतला,
गेट ते शेठ, एवढंच बोलायची परवानगी दिली.
असा नंबर कुणीही सांगू शकतं, हे मला माहीत आहे.
कुठेतरी ओळखीवर सोडावं लागतं
आणि मग तिथेच जास्त लक्ष ठेवावं लागतं.

शेवटी दोनशे सात राहिला.
पुसण्याआधी त्यातला निरोप वाजवला:
"झांबर बोलतो. आता जागेवर नाही.
भाव विचारायचा असेल तर सकाळी करा."
मनकर्णेनं पेन ड्राइव्ह पुढे केला.
कशाला, ते मी विचारलं नाही.

रात्री सगळे गेल्यावर एक चाचणी राहिली होती.
आप्पांच्या टेबलाखाली वाकून
माझा लॅपटॉप त्यांच्या पोर्टला जोडला
आणि त्याला सांगितलं: मी दोनशे सात.
दिवा पिवळा झाला.
पुन्हा पिवळा.
मग विझला.

काम चोख झालं होतं.
मी तिथेच, टेबलाखाली,
थोडा वेळ बसून राहिलो.