पोहणे : शून्य

यामिनी फिरके पुण्याहून सुट्टीला आली
ती हिंगाच्या डबीत फासे घेऊन.
एकेका फाशाला वीस तोंडं,
आणि वीसही तोंडांना हिंगाचा वास.

अमळनेर, एस.टी. स्टँडच्या समोर,
माझ्या चाव्यांच्या दुकानावरचा माळा.
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून झालेली.
चौघांना चार कागद, प्रत्येकाला बारा गुण.
"जपून वाटा," ती म्हणाली,
"एकदा लिहिलं की खोडायचं नाही."

इस्माईल पिंजारीनं विचार केलाच नाही.
आठ गुण तलवारीत घातले,
मग उरलेले चारही तलवारीत.
"जन्मभर गाद्याच भरतोय भो,
मऊ कामाचा वीट आलाय."

भाग्येश धुळे–चोपडा गाडीवर कंडक्टर.
त्यानं अदृश्य होणं घेतलं, नऊ गुणांचं,
सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणाऱ्या
पन्नास जणांच्या नावानं.
बाजार समितीत वजनं लिहिणारी कल्याणी
भाव पाडणे या ओळीपाशी थांबली,
दहा लिहिले, पदर खोचला.

मी पेन्सिल दातात धरून बसलो.
कुलूप उघडणे. हेही यादीत होतं.
नवव्या वर्षी वडिलांनी
माझ्या हातात कानस दिली, फुकट,
आणि इथं त्याच बोटांसाठी
पाच गुण मोजायचे.
मोजले. थोडं लागलं मनाला.
झाडपाल्याची ओळख : तीन,
कारण कडुनिंबापुढं माझी गाडी जात नाही.
गोड बोलणे : दोन.
अंधारात दिसणे : एक, ही तर गरजच आमच्या फीडरवर.
शेवटचा एक गुण कुठं द्यावा सुचेना,
तो कागदाच्या कडेला तसाच राहिला.
नावाची ओळही कोरी.
"तुझ्या पात्राचं नाव?"
"टाकतो नंतर."

पोहणे ही ओळ अगदी तळाशी होती.
बोरीच्या पुलावरून बस जाते
तशी चौघांची नजर तिच्यावरून गेली,
खाली न बघता.
बोरीत आम्ही क्रिकेट खेळलो,
बोरीत सायकल शिकलो.
पोहणार कशात?

साडेनऊला यामिनी म्हणाली,
"समोर नदी आहे."
"केवढी?"
"दोन्ही काठ भरून."
कूलरचा पंखा तेवढा बोलत राहिला.
चौघांनी आपापले कागद पाहिले,
शून्य, शून्य, शून्य, शून्य.
इस्माईलनं तलवार मांडीवर ठेवून विचारलं,
"एप्रिलपर्यंत थांबलो तर आटेल का?"

मग नावाडी आला. त्याला पैसे नकोत,
गुण हवेत, माणशी पाच.
कल्याणीनं मिरच्यांच्या व्यापाऱ्याकडं बघतात
तसं बघितलं त्याच्याकडं,
फासा टाकला, अठरा,
आणि चौघांत मिळून पाचावर आणला.
आता पाच कोणाचे?
सगळे माझ्याकडं बघायला लागले.
मी म्हटलं, घे, कुलूप घे माझं,
तसंही ते माझ्या हातात आहेच.

नाव हलली. पाणी नुसतं ऐकू येत होतं,
यामिनीच्या आवाजात, वाकड्यातिकड्या शब्दांत,
तरी भाग्येशनं पाय वर घेतले.

पलीकडच्या काठावर दार होतं.
दाराला कुलूप.
पितळी, सात लिव्हरचं, यामिनीनं नीट वर्णन केलं,
तिला काय माहीत
असली मी डोळे मिटून उघडतो.
खाली दुकानात, याच्या बरोब्बर खाली,
खिळ्याला टांगलेल्या तीनशे कोऱ्या चाव्या.
"तुला येतं रे," ती म्हणाली, "त्याला येत नाही.
त्यानं आत्ताच देऊन टाकलं."
इस्माईलनं दारावर तलवार घातली.
फाशावर दोन. तलवार वाकली.

कडेचा तो एक गुण
घामानं पुसट झाला होता.
यादीत नसलेली एक ओळ
मी खाली माझ्या हातानं लिहिली,
दार वाजवणे : एक.
यामिनीनं वाचलं. हसली नाही.
फासा तिनं उचललाच नाही,
बोटांनी जमिनीवर टकटक केलं, दोनदा,
आणि आतल्या माणसाच्या आवाजात विचारलं,
"कोण?"

मी कागदाच्या वरच्या ओळीकडं पाहिलं.