रकाना अकरा

आमच्या रजिस्टरात मूल आडव्या ओळीत वाढतं.
मान धरली, कुशीवर वळलं, रांगलं,
दोन शब्द जोडले.
सुगत मेश्रामच्या ओळीत
सातव्या रकान्यापर्यंत माझ्या खुणा सरळ चालतात,
मग पेन अडखळतं.
रकाना अकरा: हाक मारल्यावर प्रतिसाद देतो का?
मी लिहिलं, नाही.
दोन वर्षं, दर सहामाहीला, त्याच निळ्या शाईत.

खिचडी खाल्ली की तो मागच्या ई-क्लासात जायचा,
झिंगरू कुमरेजवळ.
झिंगरू गावाची गुरं राखायचा,
बोलताना माणसाच्या खांद्यापलीकडे पाहायचा,
डीजे वाजला की दोन दिवस गावात दिसायचा नाही.
त्याला कुणी कधी रकाना लावला नव्हता.
"थो तसाच हाय बाप्पा,"
एवढ्यावर त्याची साठ वर्षं निभली.

दोघं पळसाखाली बसत, मधे हातभर अंतर.
एकदा डबा द्यायला गेले तर
एक खडा इकडून तिकडे,
बऱ्याच वेळाने एक तिकडून इकडे.
मला वाटलं, बिचारे.
बेचाळीस गुरांच्या घाट्यांतली कुठली कुणाची
हे सुगतला नुसत्या आवाजावरून कळायचं,
ते मला मागाहून समजलं.

तान्ह्या पोळ्यानंतरचा तिसरा दिवस.
तो भरदुपारी आला, अनवाणी,
हातात कपिलीच्या गळ्यातली घाटी.
उघड्या रजिस्टरावर ठेवली.
मग उचलून तीनदा वाजवली. थांबला.
माझ्या मनगटाकडे पाहिलं. पुन्हा तीनदा.
मी म्हटलं, छान, वाजव हं.
वजनकाट्यावर एक पोर रडत होतं,
पाकिटांचा हिशेब लागत नव्हता,
मोबाइलवर माहिती चढत नव्हती.
त्याने पदर ओढला. मी सोडवला.
तो कान झाकून ओरडायला लागला
तेव्हा घाटी खिळ्याला टांगली
आणि शेऱ्यात लिहिलं:
आवाजाशी खेळतो. चिडचिड करतो.

दिवेलागणीला गुरं आपली आपण गावात आली,
कपिलीचा गळा रिकामा.
रात्री नऊला, बॅटऱ्या घेऊन गेलेल्यांना
झिंगरू सापडला नाल्याच्या खडकात,
मांडीचं हाड मोडलेलं.
खाटेवरून आणताना कुणावर रागावला नाही,
फक्त विचारत राहिला,
"मी त पोट्ट्याजोळ निरोप देल्ला होता.
पोहोचला नाई काय?"

यंदा पंचायत समितीच्या प्रशिक्षणात
अमरावतीची एक मुलगी सांगत होती:
कानगोष्टीसारखा प्रयोग केला म्हणे कुठे.
स्वमग्न माणसांची एक साखळी, इतरांची एक,
दोन्हींत गोष्ट सारखीच टिकली.
गळाली ती मिसळलेल्या साखळीत,
एक असा, एक तसा, पुन्हा एक असा.
दोष कडीत नसतो, ती म्हणाली,
दोन कड्यांच्या मधल्या जागेत असतो.
बाकीच्या बाया चहाच्या किटलीकडे बघत होत्या.
मी हात वर केला.
काय विचारायचं ते सुचेना,
खाली घेतला.

मधली जागा मला माहीत आहे, बाई.
साडेतीन फुटी लोखंडी टेबल आहे ते,
एक पाय आखूड, खाली वीट लावलेली.
झिंगरूपासून सुगतपर्यंत
निरोप अख्खा आला होता.
नाल्यापासून टेबलापर्यंतही
अख्खाच.

झिंगरू आता काठीने चालतो. गुरं दुसरा राखतो.
कपिलीला नवी घाटी बांधली, जुनी खिळ्यालाच आहे.
नव्या छापील नमुन्यात रकाना अकरा तोच.
सुगत आता शाळेत, त्याची ओळ माझ्याकडून गेली,
तरी जुनं रजिस्टर मी गठ्ठ्यात बांधलेलं नाही.

शाळा सुटली की कधी तो दारात थांबतो,
खिळ्याकडे पाहतो.
काल मी घाटी काढून तीनदा वाजवली.
त्याने दोन्ही कान झाकले.
मग एकदाच वाजवली,
टोलाला बोट लावून, अगदी हळू.
त्याने एक हात खाली घेतला.
एकच.