शेंगा थांबतात तेव्हा

निपाणीच्या टॉकीजात बावीस वर्षं मी दारावर होतो,
खिशात तिकिटांचे तुकडे, हातात दोन सेलांची बॅटरी.
पुरा सिनेमा कधी बघितला नाही.
दहा मिनिटं आत, मग सायकल स्टँडचा हिशेब,
मग सोड्याच्या रिकाम्या बाटल्या.
त्यामुळं मला विचाराल तर सुरुवातीचंच विचारा.
शेवट दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असेल.

मी पडद्याकडं कमीच बघायचो. कान शेंगांकडं.
तीनशे माणसं शेंगा फोडत बसली की
पत्र्यावर वाळू पडल्यासारखा आवाज येतो.
तो थांबला, की समजायचं, पकडलं.

काही सिनेमे ओरडत यायचे.
घोडे, धूळ, बंदूक थेट आपल्या नाकावर.
पहिल्या बाकावरची पोरं माना खाली घालायची,
आणि पुन्हा शेंगा.

काही लबाड. नावंच दाखवायचे नाहीत.
एक बाई जिना चढते, पाठमोरी,
कॅमेरा तिच्या मागनं, एक पायरी न चुकता,
जिना संपत नाही, तोंड दिसत नाही,
आणि आख्खं थिएटर मान वाकडी करून
तिच्या पुढं जायला बघतंय.
शेंग दोन दातांच्या मधे, तशीच.

एकदा पडदा काळाच राहिला.
लाईट गेली म्हणून शिट्ट्या,
वर मशीनवरच्या दस्तगीरला दोन्ही भाषांत शिव्या.
मग त्या काळोखात विहिरीवरचा रहाट वाजला.
फक्त तेवढंच. दोर सुटत गेला, सुटत गेला,
बादलीला पाणी लागायला इतका वेळ
की बाल्कनीतनं कुणीतरी "अय्यो शिवने" म्हणालं
आणि कुणी हसलं नाही.
त्या आठवड्यात बाहेर पाट्यांना डांबर लागत होतं,
रात्री एका भाषेच्या, सकाळी दुसऱ्या.
आतल्या काळ्याखाली काय लिहिलंय
ते कुणी विचारलं नाही.

गंगव्वा कायम उशिरा.
छाट काढून, विड्या मोजून झाल्याशिवाय
कारखान्यातनं सुटका नव्हती.
आधी तंबाखूचा वास आत यायचा, मग ती,
आणि मधल्या दोन रांगा शिंकायच्या.
"सुरवातीला काय झालं रे, बाळगोंडा?"
मी वाटेतच उकिडवा बसून सांगायचो,
अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत,
बॅटरी तळहातानं झाकून. बोटं लाल दिसायची.

एका शनिवारी स्टँडवर मारामारी झाली.
मी आत आलो तर कोर्टाचा सीन चालू.
आणि ती विचारती झाली.

"एक हात," मी म्हणालो. "नुसता हात, एकदम जवळनं.
कंदिलापाशी काहीतरी मोजतोय.
पैसे का पानं, कळत नाही.
तेवीस, चोवीस. बाहेरनं कुणीतरी हाक मारतं
आणि हात थांबतो."
"पंचविसाच्या आधी?"
"आधी."
ती बाकाच्या टोकाला सरकून बसली.

सिनेमा सुटला तशी दाराशी उभी राहिली,
गर्दी पांगेपर्यंत.
"ती हातवाली बाई परत आलीच न्हाई की."
असतंय तसं कधीकधी, मी म्हणालो.
"मग पहिल्यांदा दाखवायचीच कशाला?"

मला उत्तर आलं नाही.

टॉकीज पाडून आता तिथं फरशीचं दुकान आहे.
दुपारी पायरीवर बसतो, मालक काही म्हणत नाही.
कुणी शेंगा फोडत गेलं की मान आपोआप वळते.
गंगव्वाला सांगायचं राहिलं, हात कुठनं आणला होता.
तिकिटाच्या खिडकीशी ती चिल्लर मोजायची,
अंगठा पानाच्या डागानं काळा,
मागची रांग ओरडायची, ही आपली सावकाश
एकवीस, बावीस,
तेवीस