दुसऱ्या झाडाची साल

फेतुआओ आत्यानं पिशवी उघडलीसुद्धा नाही,
नुसती तळहातावर तोलली आणि म्हणाली,
"हे ममाला नव्हे."

मी म्हटलं, ममालाच.
पान तेच, चीक तसाच पांढरा,
ऑकलंडच्या जाड पुस्तकातलं लॅटिन नावही तेच.
स्वतः गेलो होतो लाव्हाच्या पठारापलीकडे,
जिथे नेचे कमरेपर्यंत येतात
आणि पावलाखालचा दगड अजून पोकळ वाजतो.

ती काही बोलली नाही.
चटईच्या कडेचा सुटलेला धागा
दातानं तोडत बसली.

यंत्राचं मी तिला आधीच सांगितलं होतं.
बारीक नळीतून अर्क सोडतात, आत्या,
जे द्रव्य नळीला जास्त चिकटतं ते उशिरा बाहेर येतं,
आणि प्रत्येकाचा कागदावर एक डोंगर उमटतो.
"म्हणजे रविवारी चर्चमधून माणसं निघतात तसं," ती म्हणाली,
"ज्यांना कुणाशी बोलायचं नसतं, ती आधी."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं.
जिथे डोंगर हवा होता
तिथे ओहोटीचं खाजण. सपाट.
संयुग आढळले नाही.

मग तिनं मला हात धुवायला लावले,
आणि कोयता नको, नुसतं नख घेऊन चल म्हणाली.

दोन झाडं असतात.
शेजारी शेजारी, सख्ख्या भावांसारखी,
एकाची साल कावीळ झालेल्याला पावसाच्या पाण्यात भिजवून द्यायची,
दुसऱ्याची बकरीसुद्धा खात नाही.
मनगटाएवढ्या खोडावर नखानं रेघ ओढायची
आणि ती तांबूस होईपर्यंत मोजायचं.

"किती सेकंद?" मी घड्याळ काढलं.
तिनं ते माझ्या हातातून घेतलं, खिशात टाकलं,
डोळे मिटले, आणि मोजू लागली:

तोआ.
सेफो.
इओसेफा.
माताफेओ, भांडखोर होता, त्याला थोडा वेळ द्यायचा.
लिली.
तिआलावेआ.

"आणि पेनी," ती म्हणाली,
"अंगावरचं दूधही सुटलं नव्हतं त्याचं."

रेघ तेव्हाच तांबूस झाली.
आधी झाली असती तर सोडून द्यायची.

ही कोण माणसं, मी विचारलं नाही.
गाव लहान आहे. दफनभूमी त्याहून लहान,
घरांच्या अंगणातच, कपडे वाळत घालतात त्या शेजारी.
तिच्या आईनं पहिली चार दिली होती मोजायला,
पुढची तीन तिनं स्वतः मिळवली,
दुसऱ्या झाडाची साल देऊन.

एवढंच बोलली, तेही साल काढताना:
"पट्टी उभी काढ. गोल सोललंस तर झाड मरतं."
मग थोड्या वेळानं:
"यादी वाढवू नकोस."

*

फेरीबोटीत माझ्या मांडीवर ओली पिशवी,
शेजारी एक माणूस दोन डुकरांची पिल्लं घेऊन.
आपियाच्या पोस्टात तोच कारकून,
तोच गुलाबी फॉर्म.
गेल्या वेळी त्यानंच सुचवलं होतं,
किंमतीपुढे शून्य लिहा, नाहीतर कर लागेल,
आणि मी लिहिलं होतं.
आता खाली आणखी एक रकाना होता,
प्रयोगशाळेनं नव्यानं मागितलेला:
नमुना कसा ओळखला, थोडक्यात.

थोडक्यात.

पेन सांगाड्यासारख्या साखळीनं बांधलेलं होतं.
मागे रांग, कुणी खोकलं,
पंखा वळून माझ्याकडे आला, वळून गेला.
मी मोजायला सुरुवात केली, ओठ न हलवता,
तोआ, सेफो, इओसेफा,
आणि माताफेओपाशी थांबलो,
त्याला थोडा वेळ द्यायचा असतो म्हणून.

"लिहिताय ना?" कारकुनानं विचारलं.